दोन फुटी बाभूळ: बँडसॉवर फळीला लाट येते

वखार_बडोदा: बाभळीचे ओंडके आलेत, 9 फूट लांब, बुंध्याकडे 24 इंच. आडव्या बँडसॉवर (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीवर) दीड इंची फळी काढायची आहे. 10-12 इंच रुंदीपर्यंत कापणी सरळ येते. मधल्या रुंद भागात मात्र ब्लेड खाली बसतं आणि गाठीपाशी वर चढतं, फरक 5 मिमीपर्यंत. ब्लेड 4 मीटर लांब, 35 मिमी रुंद, 1.1 मिमी जाड, हुक (दात्याचा पुढे झुकाव) 10 अंश, पिच (दोन दात्यांतलं अंतर) 22 मिमी. चाक 19 इंची, 1000 आरपीएम, मोटर 25 एचपी. टेन्शन वाढवलं, सेट (दाते बाजूला वाकवलेले असतात ते माप) दर बाजूला 0.5 वरून 0.7 मिमी केला, तर आणखीच बिघडलं. आता काय बघू?

दाते_घासणारा: दादा, सेट वाढवलात तिथंच घोळ झाला. फट रुंद झाली की मोटरला जास्त लाकूड चावावं लागतं. वर बाभळीचा भुसा बारीक, तो दोन दात्यांमधल्या खोबणीत न राहता ब्लेडच्या बाजूंनी निसटतो आणि ब्लेडला ढकलतो. ओल्या मऊ लाकडाला 0.6 चालेल, बाभूळ, चिंच असेल तर 0.45-0.5 पुरे.

हुक 7 अंशावर आणा. 10 अंशाचा दाता गाठ आली की आत घुसायला बघतो. पण एका फेरीत एवढं घासू नका, दोन-तीन फेऱ्यांत उतरवा. टोक निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, तो दाता अर्ध्या तासात बोथट. खोबणीचा तळही सलग गोल घासला गेला पाहिजे, कोपरा राहिला की तिथूनच तडा जातो.

भुसा चिमटीत घेऊन बघा. पिठासारखा आणि गरम असेल तर धार गेलीय, नाहीतर फीड (ब्लेड लाकडात पुढे सरकण्याचा वेग) फार हळू आहे. रवाळ हवा.

गाइड_रोलर: धार नीट असेल तर पुढचा संशय गाइडवर, म्हणजे कापाच्या दोन्ही बाजूंना ब्लेडला आधार देणाऱ्या रोलरवर. हलता गाइड ओंडक्यापासून 1 इंचावर ठेवा, रुंद कापात हे फार जणं विसरतात. दोन्ही रोलर वर घेऊन ब्लेड ताणा, बेडपासून (ओंडका ठेवतो त्या चौकटीपासून) उंची मोजा, मग प्रत्येक रोलरनं ब्लेड 6 मिमी खाली दाबा. रोलरची मागची कड आणि ब्लेडची पाठ यांत 3 मिमी जागा.

मग कल. सरळ 15 इंची पट्टी ब्लेडला आडवी चिकटवा (दात्यांवर टेकू देऊ नका) आणि बेडपासून तिचं पुढचं-मागचं टोक मोजा. पट्टी तुमच्या बडोद्यातल्या मकरपुऱ्यात कुठलाही टर्नर करून देईल. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवा, आणि तो दोन्ही रोलरपाशी बघायचा.

टेन्शन थंड ब्लेडवर लावून सोडू नका. ब्लेड तापून लांबतं, म्हणून 10 मिनिटांनी गेज परत बघा. काम संपलं की ढिलं करा.

वखार_बडोदा: मोजलं. हलत्या गाइडपाशी पुढचं टोक 1.5 मिमी खाली. दुसरीकडे बरोबर.

गाइड_रोलर: मग दात्यांची बाजू खाली झुकलीय, ब्लेड बुडणारच. त्या रोलरचा कलाचा स्क्रू थोडा फिरवून परत मोजा. नट आवळताना माप हलतं, म्हणून आवळल्यानंतरचंच खरं.

दाते_घासणारा: आणि कापलेली फळी उन्हात तिरपी धरा. ठरावीक अंतरानं एकच खोल रेघ दिसली तर एक दाता जास्त वाकलाय. त्या रेघांवरून फीडही कळतं: तुमचं ब्लेड मिनिटाला साधारण 375 फेरे मारतं, दर फेऱ्याला एक रेघ, म्हणजे रेघा 13 मिमीवर असतील तर फीड मिनिटाला 5 मीटर. ब्लेड कायम एकाच बाजूला ओढत असेल तर एका बाजूचे दाते बोथट झालेत, त्या ओंडक्यात कुंपणाची तार किंवा खिळा शोधा. शेताच्या बांधावरच्या बाभळीत हमखास निघतो.