भूमध्य समुद्रातली क्रूझ : बंदरावर उतरून काय काय केलंत?

क्रूझने युरोप बघून आलेलं कोणी ना कोणी आता प्रत्येकाच्या ओळखीत असतं. जहाजावरचं खाणंपिणं, स्विमिंग पूल, रात्रीचे शो यांची वर्णनं भरपूर कानावर येतात. पण जहाज धक्क्याला लागल्यावर हातात पडणारे तास कसे वापरायचे, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. माझ्या मते खरी सहल तीच. म्हणून हा धागा. कुठल्या बंदराला काय ठरवलंत, कसे गेलात, सोबत कोण होतं, काय बघितलं आणि काय सोडलंत, ते सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करते. आयटिनररी, म्हणजे कुठल्या दिवशी कुठलं बंदर याचं वेळापत्रक, हातात आली की आधी नकाशा उघडा. कंपनीच्या कागदावर 'रोम' असतं, पण जहाज लागतं सिव्हिताव्हेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून नव्वदएक किलोमीटर. याउलट माल्टाचं व्हॅलेटा किंवा मॉन्टेनेग्रोचं कोटोर, तिथे उतरलं की गाव समोरच. दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी नऊला लागून संध्याकाळी सहाला सुटणार म्हणजे नऊ तास मिळाले असं होत नाही. उतरायची परवानगी मिळेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि परत येण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. त्यातून जाण्यायेण्याचा वेळ वजा केला की जे उरतं, तेवढाच तुमचा दिवस. मी प्रत्येक बंदरासाठी एका कागदावर हे गणित मांडते आणि मगच काय बघायचं ते ठरवते.

जहाजाची टूर की आपली आपण, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. जहाजाच्या टूरची बस अडकली तर जहाज थांबतं, नाहीतर पुढच्या बंदराला पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. आपले आपण गेलो आणि उशीर झाला, तर जहाज निघून जातं. त्यामुळे लांबच्या ठिकाणी जहाजाची टूर आणि जवळच्या ठिकाणी आपली पावलं, असा माझा ठोकताळा आहे. तुमचा वेगळा असेल तर तोही लिहा.

प्रतिसाद, ठाण्याहून

आम्ही रोम ट्रेनने केलं. बरोबर आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या पुढचे, म्हणून सगळं रोम बघायचं नाही हे घरीच ठरलं होतं. फक्त व्हॅटिकनचं सेंट पीटर्स चर्च (बॅसिलिका) आणि तिथला परिसर. कलोसियम बाहेरूनसुद्धा नाही.

बंदराच्या आतल्या शटलने लार्गो देल्ला पाचेपर्यंत यायचं, तिथून दुसऱ्या बसने स्टेशन. रोमच्या गाड्या रोमा सान पिएत्रो स्टेशनवर थांबतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते थेट तेर्मिनीला, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनला जातात. सान पिएत्रोहून सेंट पीटर्सचा चौक दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. छापील तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड बसतो.

तुमचा दिवस कुठल्या वारी येतो ते आधी बघा. बुधवारी सकाळी पोप लोकांना भेटतात, तेव्हा बॅसिलिकात जाता येत नाही. व्हॅटिकनची म्युझियम्स महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईच्या साडीला अर्थातच कोणी काही म्हटलं नाही, माझ्या भाच्याला मात्र हाफ पँट बदलायला लागली असती, म्हणून निघतानाच त्याला फुल पँट घालायला लावली. बाबा मिकेलअँजेलोच्या 'पिएता' या शिल्पासमोर बराच वेळ उभे होते. १९७२ मध्ये एकाने तिच्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून ती काचेआड आहे. थोडं पुढे संत पीटरचा काशाचा बसलेला पुतळा आहे. शतकानुशतकं लोकांनी हात लावून लावून त्याच्या उजव्या पावलाची बोटं झिजून एकसंध झालीत. आईनेही तिथे हात टेकून नमस्कार केला.

परतीची गाडी अशी निवडा, की ती चुकली तरी तिच्यामागे आणखी दोन गाड्या मिळतील. आणि इटलीत रेल्वेचा संप अधूनमधून होतो, तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक गाड्या धावतात, पण संध्याकाळच्या गाड्या क्रूझवाल्यांच्या काही कामाच्या नाहीत. संपाच्या दिवशी सरळ जहाजाची बस घ्या.

प्रतिसाद, पुण्याहून

लिव्होर्नोबद्दल थोडक्यात. एका दिवसात फ्लॉरेन्स आणि पिसा दोन्ही दाखवणाऱ्या टूर घेऊ नका. दिवस बसमध्ये जातो आणि हातात फोटो उरतात. लहान मुलं असतील तर पिसा, ट्रेनने वीसएक मिनिटं. मनोऱ्यावर चढायला वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं आणि आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. चित्रं-शिल्पं बघायची असतील तर फ्लॉरेन्स, पण तिथली उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही मोठी कलासंग्रहालयं सोमवारी बंद. आमच्या जहाजाचा वार सोमवार होता, म्हणून आम्ही पिसा घेतलं आणि उरलेला वेळ लिव्होर्नोच्या कालव्यांवर फिरलो. छान गाव आहे, उगाच सगळे टाकून पुढे जातात.

प्रतिसाद, धाराशिवहून

नेपल्सबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण तिथे आपल्या मराठवाड्याचा धागा आहे.

नेपल्सला जहाज अगदी शहराच्या तोंडाशी लागतं. बाजूच्या मोलो बेव्हेरेल्लो धक्क्याहून काप्री बेटाच्या बोटी सुटतात, आणि समोरच मुनिचिपियो हे मेट्रोचं स्टेशन. बहुतेक जण पॉम्पेई, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर, नाहीतर काप्री करतात. आम्ही घरातल्या घरात दोन गट केले. मुलं आणि त्यांची आई जहाजाच्या टूरने पॉम्पेईला, मी एकटा पुराण वस्तूंच्या राष्ट्रीय संग्रहालयात. मुनिचिपियोहून लाइन १ ने म्युझिओ स्टेशन, बाहेर आलं की संग्रहालय. मंगळवारी ते बंद असतं.

मी गेलो ते एका हस्तिदंती मूर्तीसाठी. १९३८ साली पॉम्पेईच्या एका घराच्या उत्खननात ती सापडली. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून प्रसिद्ध असली तरी अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. पॉम्पेई गाडणाऱ्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक इ. स. ७९ चा, म्हणजे मूर्ती त्याआधीच भारतातून तिथे पोचली होती. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत, आणि ही भोकरदनची असावी असं मत आहे. तेर म्हणजे जुनं तगर. तगर आणि पैठणचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जायचा, हे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. तेरच्या संग्रहालयातली मूर्ती मी शाळेत असल्यापासून बघत आलोय, त्यामुळे ही बघायचीच होती.

मूर्ती वीतभरापेक्षा थोडी मोठी. हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायांत गुडघ्याच्या खालपर्यंत वाळे, कमरेला मेखला आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. डोक्यातून खाली एक भोक गेलंय. आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या मेजाचा पाय. गर्दी शेजारच्या रोमन चित्रांपाशी होती, इथे फारसं कोणी थांबत नव्हतं. मी भरपूर वेळ थांबलो. ज्या दालनात ती आहे, ते 'गाबिनेत्तो सेग्रेतो' (गुप्त दालन) काही वेळा बंद ठेवतात, तेव्हा आत शिरताच पहिल्यांदा विचारून घ्या.

पॉम्पेईचं घरच्यांकडून ऐकलेलं : सावली जवळजवळ नाही, दगडी रस्ते ओबडधोबड, बूट चांगले हवेत. तिकिटावर आता नाव लागतं आणि दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे. आपले आपण जाणार असाल तर चिर्कुमव्हेसुव्हियाना गाडी पॉम्पेई स्काव्ही स्टेशनला अगदी दाराशी सोडते, पण ती खच्चून भरलेली असते. पाकीट पुढच्या खिशात.

प्रतिसाद, दुबईहून

ग्रीसबद्दल. सांतोरिनीला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज समुद्रात उभं राहतं आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. जुन्या बंदरातून वर फिरा गावात जायला केबल कार किंवा जवळजवळ सहाशे पायऱ्या. गाढवं पण असतात, ती कृपया घेऊ नका. त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत. पायऱ्यांवरही तीच गाढवं आणि त्यांची लीद, म्हणजे पाय घसरायची भीती.

जहाजाची टूर घेणाऱ्यांना पहिल्या टेंडरमध्ये जागा मिळते आणि त्यांना अथिनिओस बंदरातून बसने वर नेतात. सांतोरिनीला ही एकच गोष्ट पैसे वसूल करून देते. परत येताना मात्र बहुतेक टूर फिरात सोडतात आणि केबल कारने आपलं आपण उतरायचं असतं. एकाच वेळी चार-पाच जहाजं असतील तर ती रांग तासाच्या वर जाते. बंदरात त्या दिवशी किती जहाजं आहेत, ते निघण्यापूर्वी बघून ठेवा. इया गावातून सूर्यास्त बघायचं स्वप्न क्रूझवर बहुधा पूर्ण होत नाही, ते मनातून काढून टाका आणि दिवसाउजेडी कॅल्डेरा, म्हणजे ज्वालामुखीचं समुद्राने भरलेलं विवर, डोळे भरून बघा. २०२५ पासून जून ते सप्टेंबर सांतोरिनी आणि मिकोनोसला माणशी २० युरो कर आहे, तोही हिशेबात धरा.

अथेन्स सोपं आहे. पिरेअसहून मेट्रोने मोनास्तिराकी, तिथून चालत. अक्रोपोलिसचं तिकीट वेळेसकट आधी काढावं लागतं. सकाळची पहिली वेळ घ्या. वरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालाय, चपला घालून जाऊ नका.

प्रतिसाद, सांगलीहून

शाकाहारी माणसांचं बंदरावर कसं होतं? जहाजावर सांगून ठेवता येतं, पण बाहेर?

प्रतिसाद, ठाण्याहून

ताई, काळजी नको. नेपल्सला मारिनारा पिझ्झा मागा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीज नाहीच. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायचं विरजण) असतं, कडक पाळणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. फ्रान्समध्ये व्हिलफ्रांशला जहाज थांबलं तर ट्रेनने नीसला जा आणि जुन्या गावात 'सोका' खा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या तव्यावर भट्टीत भाजलेलं. चव थेट आपल्या बेसनाच्या धिरड्याची. वरून मिरपूड. माल्टात वाटाण्याचं सारण भरलेले 'पास्तित्सी' मिळतात, पण पारीत चरबी आहे का ते विचारून घ्या.

प्रतिसाद, नाशिकहून

मार्सेलिसला उतरून फक्त प्रोव्हान्सच्या टूर घेणाऱ्या मराठी मंडळींना मी आग्रहाने सांगतो, अर्धा दिवस शहरासाठी ठेवा. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून सावरकरांनी याच बंदरात उडी घेतली. पोहून किनाऱ्याला लागले, फ्रेंच भूमीवर पोचले, आणि तिथल्या पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं. फ्रेंच भूमीवर झालेली ही अटक वैध होती का, यावर फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये वाद झाला, प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. भगूर आमच्या जिल्ह्यातलं. वडिलांना हे बंदर दाखवायचं, एवढ्यासाठी आम्ही ही आयटिनररी निवडली.

क्रूझ टर्मिनल शहरापासून बरंच दूर आहे, चालत जाऊ नका. शटल ला जोलिएत भागात सोडते. तिथून गोद्यांच्या कडेने जुन्या बंदराकडे चालत गेलो. मग टॅक्सीने मझार्गच्या युद्धस्मशानात. पहिल्या महायुद्धात सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी पलटणी युरोपात उतरल्या त्या मार्सेलिसलाच. दहन झालेल्या हिंदी सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. वडिलांनी ती बोट फिरवत एकेक करून वाचली, त्यांना घाई करणं शक्यच नव्हतं, आणि म्हणूनच इथे जहाजाची टूर नको. नोत्र-दाम द ला गार्द या टेकडीवरच्या चर्चला जायला वेळ उरला नाही, चालेल.

प्रतिसाद, गोव्याहून

गुडघ्यांची ऑपरेशन्स झालेल्या सासूबाईंना घेऊन गेलो होतो, तर आमच्यासाठी सगळ्यात सोपं बंदर व्हॅलेटा. धक्क्यापासून सपाट रस्त्याने थोडं चाललं की बराक्का लिफ्ट, ५८ मीटर सरळ वर, अपर बराक्का बागेत. दुपारी बाराला तिथल्या तोफा उडतात, कठड्यापाशी जागा धरून ठेवा. सेंट जॉन्स को-कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जोचं मोठं चित्र आहे. रविवारी ते पर्यटकांना बंद असतं. आणि जमिनीवर माल्टाच्या जुन्या सरदारांच्या (नाइट्सच्या) संगमरवरी कबरी असल्यामुळे टोकदार टाचांच्या चपला आत चालत नाहीत. सासूबाई कॅथलिक, त्या बाकावर बसून जपमाळ ओढत राहिल्या आणि मला निवांत सगळं बघता आलं.

प्रतिसाद, नवी मुंबईहून

व्हिसाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वाटेत तुर्कस्तानचं बंदर असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठीचा सामायिक व्हिसा) मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे पुन्हा पुन्हा प्रवेशाचा हवा, कारण कुशादासीहून परत ग्रीसला येताना तुम्ही पुन्हा शेंगेनमध्ये शिरता. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा. वैध शेंगेन व्हिसा हातात असला तर भारतीयांना ई-व्हिसा काढता येतो. शिक्क्यांनी भरलेला पासपोर्ट बरोबर घेऊन फिरायचं की जहाजावर ठेवायचं, ते जहाजाच्या रोजच्या पत्रकात दिलेलं असतं. त्याच पत्रकात बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

कुशादासीहून इफेसस या प्राचीन शहराचे अवशेष वीसएक किलोमीटर. वरच्या दरवाजाने आत शिरा म्हणजे सगळा रस्ता उताराचा होतो आणि सेल्ससच्या ग्रंथालयापाशी तुम्ही आपोआप खाली पोचता. टूर घेताना त्यात गालिच्यांच्या दुकानाची फेरी आहे का, ते बुकिंगच्या आधी वाचा. असेल तर तासभर तिकडेच जातो.

दुब्रोव्हनिक आणि कोटोर एकाच आठवड्यात केलेलं कोणी आहे का? आमचं पुढच्या मे महिन्यातलं ठरतंय. दुब्रोव्हनिकच्या गृझ बंदराहून जुन्या शहरात बसने जावं की टॅक्सीने, आणि कोटोरच्या किल्ल्याच्या तेराशेवर पायऱ्या दहा वर्षांच्या मुलीला झेपतील का, हे हवंय.