मदत हवी आहे: ओसीआय कार्डवर सेकंडहँड गाडी नावावर कशी करायची?

काका ब्रिटिश नागरिक, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे, रिटायर होऊन चार महिन्यांपूर्वी पार्ल्यात राहायला आलेत. ओळखीतली २०१७ ची वॅगनआर घ्यायची आहे. एमएच-०२ (अंधेरी) पासिंग, त्यामुळे आरटीओ बदलत नाही. लोन फिटलंय, फॉर्म ३५ देऊन आरसीवरून बँकेचं नावही काढलंय. मालक फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे) सही करायला तयार आहेत.

अडतंय ते आधारपाशी. भारतात राहून १८२ दिवस भरले नाहीत, म्हणून आधार नाही. पासपोर्ट, ओसीआय, पॅन आणि रजिस्टर्ड भाडेकरार आहे. एजंट म्हणतो, "पुतण्याच्या नावावर घ्या." पण काकांना ते नको, मलाही नको (उद्या चलनं माझ्याच नावावर!).

अलीकडे कुणी आधारशिवाय अंधेरी आरटीओत ट्रान्सफर केलंय का? पत्त्यासाठी भाडेकरार चालला, की आणखी काही मागितलं?