मॅन्युअल फोकसच्या रोल कॅमेऱ्यात राजा एकच, निकॉन एफएम२. पटत नसेल तर बोला

किल्लेदार (सातारा):
परवा एका पोरानं विचारलं की पहिला रोल कॅमेरा कुठला घेऊ, तर निम्म्या लोकांनी पेन्टॅक्स के१००० सांगितला, तेव्हापासून डोकं फिरलंय. माझं मत सरळ आहे, निकॉन एफएम२ सारखी बॉडी झाली नाही. १९८२ ला आला आणि २००१ पर्यंत बनत होता, उगाच का कोण बनवेल एवढी वर्षं? शटर पूर्ण मेकॅनिकल, सेल फक्त उजेड मोजायच्या मीटरला, सेल मेला तरी एक सेकंदापासून १/४००० पर्यंत सगळे स्पीड चालू. आणि १/४००० चा उपयोग काय असं ज्यांना वाटतं त्यांनी बैलगाडा शर्यतीला भर दुपारी उभं राहावं. १०० आयएसओचा रोल, कडक ऊन, के१००० चा १/१००० लावला तरी अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं ते मोठं) ५.६ पेक्षा जास्त उघडता येत नाही, मग मागची गर्दी, मंडप, फ्लेक्सवरचे पुढारी सगळे बैलांइतकेच स्पष्ट. एफएम२ वर २.८ ला जाता येतं, बैल सुटून दिसतात. विषय संपला.

मिरजकर:
संपला कुठं, आत्ता चालू झाला. किती वर्षं बनत होता हाच तुमचा निकष असेल तर के१००० बघा, १९७६ ते १९९७. करा वजाबाकी. आणि शर्यतीला १०० चा रोल घालून २.८ ला फोकस कोण मारतं हो? बैल अंगावर येत असताना मॅन्युअल फोकसनं २.८ ला एक फ्रेम शार्प आली तर नारळ फोडायचा. आम्ही आधीच चाकोरीवर एक जागा धरून फोकस लावून ठेवतो, ८ किंवा ११ ला, बैल तिथं आले की दाबायचं. त्याला १/१००० भरपूर झालं. के१००० मध्ये शिकायला काही उरतच नाही, एक काटा आहे, तो मध्ये आणायचा, बास. सेल्फ टायमर नाही, ऑन-ऑफचं बटणसुद्धा नाही, लेन्सला टोपण लावलं की मीटर झोपला.

हळदबाजार (सांगली):
दोघंही १/४००० वर भांडताय, खरी गोष्ट राहिली बाजूला. मी लग्नाचे फोटो काढून पोट भरलंय, आमच्या धंद्यात एफएम२ चालला तो फ्लॅशमुळं. के१००० फ्लॅशला १/६० च्या वर जात नाही. एफएम२ आधी १/२०० आणि १९८४ पासूनचा १/२५०. आता बघा, बारा-साडेबाराचा मुहूर्त, नवरदेव मंडपाच्या बाहेर उन्हात, फेटा आणि मुंडावळ्यांची सावली डोळ्यावर, फ्लॅश मारल्याशिवाय तोंड काळं येतंय. १०० चा रोल आणि १/६० म्हणजे अ‍ॅपर्चर २२, ३३ गाइड नंबरचा (ताकदीचा आकडा, अ‍ॅपर्चरनं भागला की मीटर येतात) फ्लॅश दीड मीटरच्या पुढं पोचत नाही. तेच १/२५० ला ११ चालतं, फ्लॅश तीन मीटरपर्यंत जातो. दीड मीटरवर नवरा एकटाच येतो, तीन मीटरवर मामा, मावशी, करवल्या सगळ्या मावतात. आणि फोटोत नसलेली मावशी पुढं काय करते ते तुम्हाला माहिती नाही.

मिरजकर:
काका, हे मात्र मान्य. पण पोरगं काय लग्नं घेणार आहे का?

वाईवाला:
ऑलिम्पस ओएम-१ चं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणजे कमाल झाली. १९७२ ची बॉडी, ५१० ग्रॅम, आणि व्ह्यूफाइंडर इतका मोठा की चष्म्यावाल्यालाही फोकस नीट कळतो. मॅन्युअल फोकसवर धागा काढता आणि फोकस ज्यातून बघायचा त्यावर एक ओळ नाही! शटरची रिंग लेन्सच्या माउंटभोवती आहे, म्हणजे स्पीड, फोकस, अ‍ॅपर्चर सगळं डाव्या हातात, डोळा काढायचं कामच नाही. बावधनच्या बगाडाला गर्दीत चेंगरत असताना वरची डायल बघायला मान खाली घालून दाखवा.

किल्लेदार (सातारा):
आणि मीटरचा सेल? १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा, तो आता कुठं मिळतो?

वाईवाला:
मेडिकलमध्ये कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल मिळतो, तो लहान पडतो, नीट बसायला भोवती रबराची रिंग घाला, मीटर बरोबर दाखवतो. महिना-दोन महिन्यांत उतरतो एवढंच, पण एका पाकिटात बरेच येतात.

रोल_धुणारी:
तुमच्या सगळ्यांचं एकच चाललंय, सेलशिवाय चालला पाहिजे. का पण? सेल काय सोन्याचे येतात का, खिशात दोन जादा ठेवा. मी निकॉन एफई२ वापरते, १९८३ चा. अ‍ॅपर्चर मी लावते, स्पीड तो ठरवतो, आत दोन काटे असतात, एक तो काय म्हणतोय आणि एक मी काय लावलंय. सप्टेंबरात कासला मिनिटामिनिटाला धुकं येतं जातं, तिथं तुम्ही एफएम२ चे आतले मीटरचे दिवे बघत डायल फिरवत बसता तोवर मी तीन फ्रेम काढून मोकळी. धुकं पांढरं असल्यामुळं कुठलाही मीटर फसतो, एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून द्यावाच लागतो, तो मी भरपाईच्या डायलवर एकदाच लावून ठेवते. १/४००० यातही आहे आणि फ्लॅशला १/२५० सुद्धा, काका ऐकताय ना. सेल मेलाच तर डायलवरच्या एम२५० ला, म्हणजे १/२५० ला, मेकॅनिकल चालतो, १०० चा रोल उन्हात ११ ला ठेवला की झालं. अजून एक, मी डाव्या डोळ्यानं बघते. एफएम२ च्या शटरचं लॉक उघडायला रोल पुढं सरकवायची लिव्हर बाहेर ओढून ठेवावी लागते, ती सरळ कपाळात. एफई२ लासुद्धा मीटर चालू करायला ओढावी लागते म्हणून ओरडू नका, मला माहितीय, पण ऑटोवर असताना एका फ्रेमला तोंडापुढं किती वेळ धरायचा यात फरक पडतो.

किल्लेदार (सातारा):
ताई, कपाळाचा मुद्दा ऐकून हसायला आलं पण खरा आहे. तरी माझं मत तेच. पावसाळ्यात ठोसेघरला इलेक्ट्रॉनिक बॉडी भिजवा आणि मग बोला.

रोल_धुणारी:
एफएम२ तरी पाण्यातला आहे का? दोन्हींना प्लास्टिकची पिशवी लागते. दोघांचं भांडण मिटवायला निकॉननं २००१ ला एफएम३ए काढला, ऑटो पण आणि सेलशिवाय सगळे स्पीड पण. त्याचे आजचे भाव बघून या, भांडण आपोआप थंड होईल.

नवा_गडी (विश्रामबाग):
मीच तो विचारणारा. एवढं वाचून अजून गोंधळलो. घरच्यांनी दिलेल्या पैशात लेन्ससकट एक सेट आणि चार-पाच रोल बसले पाहिजेत.

हळदबाजार (सांगली):
मग एफएम२ विसर बाळा, के१००० नाहीतर निकॉनचाच आधीचा साधा एफएम बघ. घेताना मागचं दार उघड, एक सेकंद लावून दाब आणि पडदा अडकत नाही ना ते डोळ्यानं बघ, मग १/१००० ला उजेडाकडं धरून दाब, सगळी फ्रेम चमकली पाहिजे. दाराच्या कडेचा फोम बोटाला चिकटला तर भाव पाड, फोम बदलता येतो. लेन्समधून टॉर्च मार, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसात ती वाढणारच, ती लेन्स फुकट दिली तरी घेऊ नको.

मिरजकर:
बघा किल्लेदार, काकांनी पण के१००० च सांगितला.

हळदबाजार (सांगली):
पैसे कमी आहेत म्हणून सांगितला रे. माझ्या कपाटात कुठला आहे ते विचार.