'माझं पिलोन?' याला मराठीत काय म्हणाल?

फडताळ: ओआहाकाला (मेक्सिको) जायचंय म्हणून बाजारात भाव करायची स्पॅनिश वाक्यं वहीत मराठी अर्थासकट उतरवतेय. 'आ कोमो एल किलो?' म्हणजे 'किलोला काय भाव?' 'के एस लो मेनोस?' म्हणजे 'कमीत कमी किती?' इथवर सुरळीत. अडलंय 'ई मी पिलोन?' ला. घासाघीस आटोपली, पैसे दिले, की गिऱ्हाईक हे म्हणतं आणि भाजीवाली एखादा टोमॅटो जास्तीचा टाकते. मी 'सूट' लिहिलं, ते शिकवणाऱ्या बाईंनी खोडलं. एक पेसोही कमी होत नाही, मग सूट कसली, म्हणाल्या.

तिरफळ: 'वर'. 'मावशी, दोन मिरच्या वर घाल गं.' झालं की.

फडताळ: पण 'आणि माझं वर?' असं कोण म्हणतं? स्पॅनिशमधलं 'मी' म्हणजे 'माझं'. हक्काने मागतात. तो हक्क 'वर'मध्ये येत नाही.

बोरूबहाद्दर: चांगला मराठी शब्द आहे, 'वरताळा'. आजी म्हणायची. पण आता सगळ्यांना 'फ्री' पाहिजे.

तिरफळ: तुमची आजी मोडीची भांडी देऊन नवं पातेलं घेताना जे वरचे पैसे मोजायची, तो वरताळा. तो गिऱ्हाइकाच्या कनवटीतून जातो. इथे उलटं आहे.

बोरूबहाद्दर: मग 'कडता' घ्या. निदान बाजारातला तरी आहे.

मोंढा: कडता?! साहेब, कधी सोयाबीन विकलंय का? ओलावा आहे, माती आहे म्हणत पोत्यामागे वजन कापतात, तो कडता. वडील हिशोबाची पट्टी घेऊन घरी आले की आधी तोच आकडा बघायचे आणि मग जेवायला बसायचे नाहीत. भाजीवालीने खुशीने घातलेल्या मिरचीला तो शब्द लावू नका.

पूर्वभाग: सोलापुरात आमच्या तेलुगू घरांत याला सरळ 'कोसरू' म्हणतात. नाम आहे, 'माझं' लावता येतं, अक्षरंही जास्त नाहीत. घ्या उचलून.

बोरूबहाद्दर: म्हणजे स्पॅनिश शब्दाला तेलुगू प्रतिशब्द. मराठीचं काय?

पूर्वभाग: पेरूत याच गोष्टीला 'यापा' म्हणतात, तो शब्द स्पॅनिशने केचुआ या तिथल्या मूळ भाषेतून उचलला. कॅरिबियनकडे त्याचा 'न्यापा' झाला, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला पोचून 'लान्याप'. त्यांना उसनं चालतं, तुम्हालाच सोवळं.

सावळीग्वेरा: मेक्सिको सिटीत दोन वर्षं काढली, म्हणून थोडं विषयांतर. भाजीवाल्या मला 'ग्वेरीता' म्हणायच्या, म्हणजे 'गोरटेली'. मी चांगली सावळी आहे! पहिल्या दिवशी वाटलं चिडवतायत. मग कळलं, रंग कुठलाही असो, गिऱ्हाइकाला गोंजारायचा तो शब्द आहे. दुसरा, 'मार्चांता', म्हणजे विकणारीही आणि घेणारीही. ती मला म्हणायची, मीही तिला. आपल्याकडे 'गिऱ्हाईक' एकाच बाजूला. 'ताई' तेवढं दोन्हीकडून चालतं.

आणि पिलोन मागताना आधी दुसरीकडे बघायचं, पिशवीची गाठ मारायची, निघाल्यासारखं करायचं, मग जणू आठवलं म्हणून 'ई मी पिलोन?' पैसे द्यायच्या आधी मागितलंत तर ती घासाघीसच होते.

फडताळ: हे वहीत लिहून घेतलं. शब्द मात्र अजून नाही.

सावळीग्वेरा: माझा तर्क सांगते, पटला तर घ्या. तिकडच्या शंकूच्या आकाराच्या गुळाला 'पिलोन्सीयो' म्हणतात, म्हणजे छोटा पिलोन. आमच्या गावचा वाणी सामान न्यायला आलेल्या पोराच्या हातावर ढेपेचा खडा ठेवायचा. तिथेही तसंच सुरू झालं असणार. तेव्हा 'माझा खडा?'

तिरफळ: 'माझा खडा' म्हटलं तर आमची मावशी वजनातला दगड फेकून मारेल.

मोंढा: आणि ढेप सरकीची असते, म्हशीला घालतात. गुळाची ती भेली.

सावळीग्वेरा: कोल्हापुरात येऊन बोला हे! गुळाची ढेपच. तुमची ती पेंड.

बोरूबहाद्दर: पेंड शेंगदाण्याची. सरकीची ढेप हे मोंढा यांचं बरोबर आहे.

पूर्वभाग: कोसरू राहिलं बाजूला.