घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे

"घरपट्टी विकणाऱ्याच्याच नावावर आहे, मग बँक कर्ज का अडवते?" असं गावात तयार घर विकत घेणारे विचारतात. बँकेचं बरोबर आहे. घरपट्टी ज्यावरून निघते तो ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद, त्याने मालकी ठरत नाही. कोकणात खरी मेख सातबाऱ्यावर: घर एकाचं, खालच्या सहा गुंठ्यांवर पंधरा सामाईक नावं, निम्मी मुंबईला, दोघे मयत नि वारस नोंदच नाही. इसार देण्याआधी वारस फेरफार (मयतांच्या जागी वारसांची नावं लावणं) आणि पोटहिस्सा मोजणी (प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजणं) विकणाऱ्याकडूनच करून घ्या. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कूळ किंवा कूळकायद्याच्या कलम 43 चा (विक्रीवरच्या बंधनाचा) शेरा दिसला तर तो आधी निस्तरा.

घर गावठाणात असेल तर स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा. आणि हो, पंतप्रधान आवास ग्रामीणचे 1 लाख 20 हजार बांधायला मिळतात, तयार घर विकत घ्यायला नाही.