मदत हवी आहे: घरखरेदीनंतर वकिलांशी उद्भवलेला वाद
जळगावात आम्ही बिनशेती प्लॉटवरील रो-हाउस घेतले, तेव्हा वकिलांनी मालकीच्या शोध अहवालात मिळकत निर्वेध (कोणताही बोजा वा वाद नसलेली) असल्याचे लिहून दिले होते; मात्र खरेदीखताची नोंदणी झाल्यावर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आधीच्या मालकाच्या नावे पतसंस्थेच्या कर्जाचा जुना बोजा तसाच असल्याचे आढळले. वडिलांची निवृत्तीची सगळी पुंजी या घरात आहे, आणि वकीलसाहेब मूळ कागदपत्रेही परत देत नाहीत, हे फार क्लेशदायक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालानुसार वकिलांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. मग अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 (वकिलांच्या गैरवर्तनाबद्दलची कारवाई) खाली बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, तक्रार करावी, की आधी लेखी नोटीस द्यावी? विक्रेत्याकडून बोजा उतरवून घेण्याचे काम सोबतच चालवता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.