शब्द सगळे ओळखीचे, अर्थ मात्र भलताच!

मागे एका मीटिंगमध्ये मी माझा मुद्दा मांडला. समोरचे साहेब म्हणाले, ‘आय कुडन्ट अ‍ॅग्री मोअर.’ मला त्यातलं ‘कुडन्ट अ‍ॅग्री’ एवढंच ऐकू आलं. झालं! पुढची पाच मिनिटं मी तावातावाने माझी बाजू लढवतोय आणि साहेब आपले मान डोलवत ‘येस, येस’ करतायत. शेवटी शेजारच्या सहकाऱ्याने वहीच्या कोपऱ्यात लिहून वही सरकवली : ‘गप बस, तो तुझ्याच बाजूने आहे.’ याहून जास्त पटणं शक्यच नाही, असा त्याचा अर्थ.

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ शाळेतच घोकून झालेलं असतं (आणि प्रत्यक्षात ते बोलताना मी फारसं कुणाच्या तोंडून ऐकलेलंही नाही). असल्या चमत्कारिक वाक्प्रचारांपुढे आपण सावध असतो. वाक्यात कुत्री-मांजरं दिसली की कळतं, इथे काहीतरी वेगळं आहे. दगा देतात ती साधीभोळी दिसणारी वाक्यं. तुम्ही अशी कुठे माती खाल्लीत? लिहा मंडळी. फजितीचे किस्से आधी!

* * *

माझी पहिली नोकरी, पहिला आठवडा. फोनवर पलीकडच्या बाई म्हणाल्या, ‘आय अ‍ॅम अफ्रेड ही इज नॉट इन.’ मी त्यांना धीर दिला : ‘डोन्ट बी अफ्रेड, मॅडम.’ पलीकडे शांतता. आपण नकार देताना ‘माफ करा हं’ म्हणतो, तेवढीच ती भीती, हे कळायला बरेच दिवस गेले.

* * *

मी पाहुणी म्हणून गेले होते. यजमानीण टेबलाकडे हात करून म्हणाली, ‘हेल्प युवरसेल्फ’ आणि आत निघून गेली. मी मनात म्हटलं, बोलावून वर ‘तुझं तू बघ’? फुगून कोपऱ्यात बसून राहिले. ती बिचारी म्हणत होती, संकोच करू नकोस, हवं ते हाताने घे.

* * *

आमच्या बाबांचा किस्सा. त्यांच्यासोबत काम करणारा एक परदेशी माणूस हसत हसत म्हणाला, ‘आय वॉज ओन्ली पुलिंग युवर लेग.’ बाबांच्या मराठी डोक्यात पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. बढती अडकलेलीच होती, त्यात हा तोंडावर कबुली देतोय! दोन दिवस बोलले नाहीत त्याच्याशी. तो फक्त थट्टा करत होता. गंमत म्हणजे आता आपण मराठीतही थट्टेला सर्रास ‘लेग पुलिंग’ म्हणतो आणि ‘पाय ओढणं’ आपल्या जागी कायम. एकाच पायाचे दोन अर्थ!

* * *

मला ‘टेबल’ने गंडवलं. ईमेल आला, ‘लेट्स टेबल धिस.’ मी ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकलेले, म्हणजे विषय चर्चेला घ्यायचा. रात्री जागून आकडे काढले, तक्ते केले. सकाळी बघते तर विषयपत्रिकेत तो विषयच नाही. पाठवणारी अमेरिकन होती आणि तिकडे ‘टेबल’ करणं म्हणजे विषय तूर्त बाजूला ठेवणं. बरोब्बर उलट!

पण यात मी एकटी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची याच शब्दावरून लांबलचक, कडवट वादावादी झाल्याचं खुद्द चर्चिलनी लिहून ठेवलंय. दोन्ही बाजूंना हवं होतं एकच. तेव्हापासून मी हा शब्द दिसला की सरळ विचारते : आत्ता की नंतर?

* * *

‘ब्रेक अ लेग’ अजून कुणी कसं लिहिलं नाही? माझ्या नाटकाआधी मैत्रिणीने हा मेसेज केला आणि मी तिला ब्लॉक केलं. पाय मोडायचा शाप नव्हता तो, प्रयोगासाठी शुभेच्छा होत्या! बास, एवढंच.

* * *

मला मागची गोष्ट कळल्याशिवाय वाक्प्रचार डोक्यात राहत नाही. ‘स्टील माय थंडर’चंच घ्या. जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने 1709 साली आपल्या नाटकासाठी ढगांच्या गडगडाटाची नवी युक्ती काढली. नाटक पडलं. पुढे त्याच थिएटरात ‘मॅक्बेथ’ बघायला गेला, तर त्याचाच गडगडाट! माझं नाटक चालू देत नाहीत आणि माझा गडगडाट चोरतात, म्हणून तो ओरडला, असं सांगतात. आता कुणी आपलं श्रेय लाटलं की मला तो चिडलेला डेनिसच दिसतो.

मात्र असल्या सगळ्याच गोष्टी खऱ्या मानू नका. अंगठ्याएवढ्या जाड काठीने बायकोला मारायची कायद्यात मुभा होती, त्यावरून ‘रूल ऑफ थंब’ आलं, असं मीच कितीजणांना ठासून सांगितलं होतं. असा कायदा नव्हताच. ढोबळ अंदाजाने काम भागवणं, एवढाच त्याचा अर्थ.

* * *

एका माणसाने मला अडचणीत फार मोठी मदत केली होती. आभार मानले तर म्हणाला, ‘डोन्ट मेन्शन इट.’ मला वाटलं, भला माणूस आहे, गाजावाजा नको असेल. मी शब्द पाळला. कुणाकडे, अगदी घरीसुद्धा, त्याचं नाव काढलं नाही. तीन वर्षांनी एका कार्यक्रमात मी सगळ्यांचे आभार मानले, त्याला सोडून. तो समोरच बसला होता. नंतर मित्राने विचारलं, ‘तुमचं काही बिनसलंय का? तो फार दुखावलाय.’ मी म्हटलं, अरे, त्यानेच बजावलं होतं! मित्र हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. ‘त्यात काय एवढं, असू दे’, याच्यापलीकडे त्या वाक्यात काही नसतं म्हणे.

लगेच फोन केला. सगळं ऐकून तो आधी गप्पच झाला, मग म्हणाला, ‘बरं, आता मेन्शन कर.’